पाडसांचं आजोळ

त्या रानात कुणी कुणाला मारत नसे. निदान ओढ्याच्या अलीकडे तरी नाही. अलीकडे वानरांचं राज्य होतं आणि वानरांना या गोष्टीचा भारी अभिमान होता. जन्मात त्यांनी कुणाच्या अंगाला दात लावला नव्हता. रक्त पाहिलं तर त्यांना घेरी येई. ओढ्यापलीकडे तरस राहत, त्यांच्या हातचं तर वानर पाणीसुद्धा पीत नसत. मांस खातात मेले, शी! असं म्हणत वानरांची लहान पोरंही नाक मुरडत. वानर फक्त दूध पीत. दही खात, लोणी खात, सणाला खीर आणि बारशाला खरवस. हे सगळं हरिणी देत. "आम्ही मागत नाही हो, त्याच देतात," असं वानरांचे म्होरके बेहडेअप्पा आल्यागेल्याला सांगत, आणि सांगताना ओठांवरचं लोणी पुसत.

एके काळी हे वानर झाडांवर राहत असत. निदान त्यांची नावं तरी तसं सांगत होती. बेहडा, बिब्बा, आवळी, खिरणी. नावं सगळी रानफळांची, पण आपल्या नावाचं फळ त्यांच्यातल्या एकानेही चाखलेलं नव्हतं. फळं काय, माकडंसुद्धा खातात! झाडं पिकून ओथंबत, खाली सडा पडे, त्यावर माश्या घोंघावत, आणि वानर आपले हरिणींच्या गोठणीपाशी भोपळ्याची भांडी मांडून बसलेले असत. पोटं सुटली होती. दोन फांद्या चढायच्या म्हटलं तर धाप लागे. हरिणी तर इतक्या वाढवल्या होत्या की सबंध उतार चरून बोडका झाला होता आणि त्याची माती धुपून ओढ्यात जात होती. "वय झालं हो या उताराचं," असं म्हणून वानर पुढच्या उताराकडे बघत.

आणि पाडसं? मादी पाडसं गोठणीत राहत, मोठी होत, दूध देत. नर पाडसं आजोळी जात. ओढ्यापलीकडे, डोंगराच्या आड, पाडसांचं आजोळ होतं म्हणे. तिथे गुडघाभर गवत होतं आणि लाड होते. पाडस जरा पायावर उभं राहिलं की बिब्बा नावाचा थोराड वानर त्याला खांद्यावर घाली आणि पोचवून येई. जाताना पाडस कात टाकून जातं, असं वानर सांगत. सापासारखी, अख्खी कात, आईला आठवण म्हणून. ती कात गोठणीत आली की खिरणी नावाच्या वानरीचं काम सुरू होई.

खिरणी त्या कातीत पेंढा भरी. भरी म्हणजे काय, असं पाडस उभं करी की बघणाऱ्याने त्याला चुचकारावं! कात गळ्याशी नेहमी फाटलेली असे. तिथूनच पाडस बाहेर निघतं, असं तिला लहानपणी शिकवलेलं होतं. त्या फाटक्या जागेवर ती रानजाईची माळ बांधी. मग हरिणीच्या तोंडचा फेस त्या पाडसाच्या नाकाला चोळून ती ते आचळांशी आणी, त्याला हळूच ढुशी द्यायला लावी, आणि तोंडाने काहीतरी गुणगुणे. हरिणी मान वळवी, हुंगे, चाटे आणि पान्हा सोडी. खिरणीच्या हाताला पान्हा सुटला नाही असं कधी झालंच नव्हतं. रानभर तिचं नाव होतं आणि तिलाही त्याचा तोरा काही कमी नव्हता. "माझ्या हाताला गुण आहे," असं लोक म्हणत, आणि लोक विसरले तर ती स्वतः म्हणे.

अशात बेहडेअप्पांच्या सुनेला, आवळीला, मुलगा झाला आणि बारसं ठरलं. बारशाला खरवस हवा, खरवसाला चीक हवा, आणि चीक नुकत्याच व्यालेल्या हरिणीचाच हवा. पहिल्या धारेचा, घट्ट, पिवळसर. नेमकी त्याच सुमारास तिळी नावाची एक पहिलटकरीण हरिणी व्याली. अप्पांनी निरोप धाडला: चीक तिळीचा, पान्हा खिरणीच्या हातचा. खिरणीची मान ताठ झाली. एक जुनं पेंढ्याचं पाडस काखोटीला मारून ती तिळीपाशी गेली. तिळीचं स्वतःचं पाडस लटपटत उभं राहायला शिकत होतं. नर होतं. त्याला न्यायला बिब्बा येऊन बसलेलाच होता.

तिळीने पेंढ्याचं पाडस हुंगलं आणि मान फिरवली.

"हे काय आहे?"

"तुझं बाळ," खिरणी लाडात म्हणाली.

"माझं बाळ हे इथं आहे. तुझ्या हातातल्यात गवत भरलंय."

आजूबाजूच्या हरिणींचा रवंथ थांबला. असं बोललेलं कुणी ऐकलं नव्हतं. खिरणीने हसण्यावारी नेलं. "अगं, सवय कर. तुझा लेक आता आजोळी जाणार. मग हाच तुझा विरंगुळा."

"आजोळी? कुणाच्या?"

"कुणाच्या म्हणजे? त्याच्या! आईचं माहेर ते लेकराचं आजोळ, एवढं कळत नाही होय तुला?"

"कळतं, म्हणून तर विचारते," तिळी म्हणाली. "माझी आई ती काय, जांभळीखाली बसलीय. तिची आईही ह्याच गोठणीतली. माझं माहेर हेच. मग माझ्या लेकाचं आजोळ ओढ्यापलीकडे कसं?"

सगळं रान आजोळ हा शब्द उठताबसता वापरत होतं. अंगाईतसुद्धा होता तो. आणि इतकी साधी गोष्ट कुणाच्या ध्यानात आली नव्हती, तिच्या स्वतःच्याही नाही. तिने बिब्बाकडे पाहिलं. बिब्बा मन लावून पायाच्या नखातली माती काढत होता.

"तू पाहिलंयस ते आजोळ?" तिळीने विचारलं.

"मी कशाला पाहू? बिब्बाभाऊ जातात की नेहमी."

"मग एकदा बघून ये. ह्याला नेणारच आहात, तर तूच पोचव. परत येऊन मला सांग तिथं काय आहे. तू सांगशील ते मी खरं मानीन आणि तुला हवा तेवढा चीक देईन. नाहीतर एक थेंब सोडणार नाही. काय हवं ते कर."

खिरणी हो म्हणाली. फार थोर विचार करून म्हणाली असं कुणी समजू नये. बारशाला खरवस झाला नाही तर सगळ्या रानात आपलं हसं होईल, एवढी एकच भीती तिच्या मनात होती. तिने पाडस उचललं. तिळी त्याला चाटतच राहिली, थेट गोठणीच्या कडेपर्यंत.

बिब्बाला हे मुळीच रुचलं नव्हतं. "अगं, तू कशाला? वाट वाईट आहे. पाय मुरगळेल. मी सांगतो की तिळीला, फार छान आजोळ आहे म्हणून," असं तो वाटभर बडबडत होता, आणि ओढा जसजसा जवळ आला तसतशी त्याची बडबड कमी होत गेली. पाडसाने खिरणीचं बोट तोंडात धरलं होतं आणि ते चोखत होतं. "अरे वेड्या, बोट आहे ते," ती म्हणाली, पण बोट काही तिने काढून घेतलं नाही. ओढा ओलांडल्यावर पाखरांचे आवाज थांबले. वास बदलला. कसला वास ते खिरणीला सांगता आलं नसतं, पण अंगावरचे केस उभे राहिले.

एका सपाट खडकापाशी बिब्बा थांबला. "इथं ठेव त्याला. आणि आता तोंड फिरव."

"का?"

"रीत आहे. इथं ठेवायचं, तोंड फिरवायचं आणि मागं न बघता चालू लागायचं. कात नंतर ओढ्यावर येते."

"आणि आजोळ?"

"ते पुढं आहे."

"मग पुढं जाऊ या."

"खिरणी," बिब्बाचा आवाज एकदम पडला, "इतकी वर्षं मी इथं येतोय, पण ह्या खडकापुढं कधी गेलो नाही. पुढं काय आहे ते मला माहीत नाही आणि करून घ्यायचंही नाही. तूही करून घेऊ नकोस. सुखाने जगशील." आणि त्याने तोंड फिरवलं.

खिरणीने फिरवलं नाही. समोरची झुडपं हलली आणि एक म्हातारी तरसीण बाहेर आली. एका पायाने लंगडत होती. "आज दोघं?" ती म्हणाली. "आणि ही तर चक्क तोंड इकडे करून उभी! नवीन दिसतेय."

"ह्याचं आजोळ कुठंय?" खिरणीने विचारलं. तिचा आवाज चिरकला होता.

तरसिणीला आधी कळेचना. मग कळलं, आणि ती हसायला लागली. तरसांचं हसू ऐकवत नाही. "आजोळ म्हणता होय तुम्ही? अगं बाई!" तिने पुढच्या पंजाने आपल्या पोटावर थोपटलं. "हे बघ. इथं. तुमची सगळी पाडसं इथं लाडात आहेत."

"आणि कात?"

"कसली आलीय कात! कातडं म्हण. सोलतो आणि तुमच्या काठाला ठेवतो. माझ्या आज्यापासूनचा ठराव आहे, कातडं तुमचं, बाकी आमचं. गळ्याशी फाटतं तेवढं, त्याला इलाज नाही. धरावं तिथंच लागतं." मग तिने खिरणीला आपादमस्तक न्याहाळलं. "आणि आमच्या हातचं पाणी चालत नाही म्हणे तुम्हाला."

खिरणीच्या डोळ्यांपुढे रानजाईच्या माळा आल्या. एकेक माळ तिने कौतुकाने ओवली होती, गाठ नीट बसली की मान वाकडी करून बघितली होती. पाडस अजून तिचं बोट चोखत होतं आणि त्याला वाटत होतं, आत्ता येईल दूध, आत्ता येईल.

"ठेव खाली," तरसीण म्हणाली. रागाने नव्हे, पानावर बसलेल्याने वाढा म्हणावं तसं म्हणाली. दोन्ही बाजूंच्या झुडपांतून आणखी तोंडं बाहेर आली होती. "खिरणी, ठेव गं बाई," बिब्बा पाठमोराच पुटपुटला, "ठेव आणि चल."

खिरणी पळाली. कशी पळाली ते तिचं तिलाही कळलं नाही. दूध पिऊन पिऊन जड झालेलं शरीर, छातीत भाता, काखेत पाडस, आणि मागून दगडांवर नखांची खरखर. एकदा ती पडली. पाडस सुटलं, ओरडलं, तिने ते पायाला धरून ओढलं आणि पुन्हा पळाली. कुणाचा तरी श्वास तिच्या शेपटीला लागला. मग पायाखाली पाणी आलं. तरस काठावर थांबले. ओढा ओलांडायचा नाही, हाही त्यांच्या आज्याचाच ठराव होता, आणि तरस शब्दाला पक्के होते.

अलीकडच्या काठावर बिब्बाने तिला गाठलं आणि तिची शेपटी धरली. "काय केलंस हे? अप्पांना कळलं तर आपली दोघांची धडगत नाही! आण ते इकडे!"

"बिब्बाभाऊ," खिरणी धापा टाकत म्हणाली, "तोंड फिरवण्यात तुमचा हात धरणारा रानात कुणी नाही. आज एकदा माझ्यासाठी फिरवा."

बिब्बा पाडसाकडे बघत राहिला. आजवर त्याने शेकडो वाहून नेली असतील, पण परतीच्या वाटेवर त्याने एकही पाहिलं नव्हतं. त्याचा हात सुटला. त्याने तोंड फिरवलं, आणि खिरणी जाईपर्यंत तो तसाच उभा राहिला.

गोठणीलगतच्या मैदानामागे करवंदीची दाट जाळी होती. खिरणीने पाडस तिथे लपवलं आणि तिळीला सगळं सांगितलं. आजोळाचं सांगितलं, कातीचंही सांगितलं. आपण काय करत आलो तेही सांगितलं, आणि सांगताना तिला तिळीकडे बघवेना. तिळीची आई जांभळीखालून उठली आणि गोठणीच्या कडेला गेली. पेंढ्याची पाडसं तिथे रांगेने उभी होती. ती एकेकाला हुंगत हिंडू लागली. एकापाशी थांबली आणि मग तिथून हललीच नाही. खिरणीला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"चीक?" शेवटी खिरणीच हळूच म्हणाली.

"चीक ह्याचा आहे," तिळी म्हणाली.

"हो," खिरणी म्हणाली. "ह्याचाच आहे."

हो म्हणायला म्हटलं, पण बारसं तोंडावर आलेलं! खरवस नाही दिसला तर अप्पा विचारणार, विचारलं की शोधणार, आणि जाळी काही फार लांब नव्हती. पाडसाचा जीव आता एका खरवसावर येऊन ठेपला होता. खिरणीला काही सुचेना. तिच्या घशाखाली दूध उतरेना, ताक उतरेना, आणि पोटात तर कावळे ओरडत होते. अखेर ती एका खिरणीच्या झाडावर चढली. हातपाय लटपटत होते, दोनदा घसरली. वर पोचली आणि एक पिवळं फळ तोंडात टाकलं.

अगं बाई! इतकं गोड? आपलं नाव इतकं गोड, आणि जन्मभर आपण ते नुसतं हाकेला ओ द्यायला वापरलं! ती फांदीवर बसून हसली, मग रडली, आणि रडता रडता आणखी फळं खाल्ली. मग चिंचेचा कोवळा पाला खाल्ला, चारोळ्या फोडून खाल्ल्या. पुढच्या, अजून न चरलेल्या उतारावर रानतीळ माजले होते, वरईची कणसं लवली होती. तिने वरईचे हिरवे दाणे चावले आणि दाताखाली पांढरा चीक सुटला. ती चावायची थांबली. चीक! दाण्यातल्या दुधालाही चीकच म्हणतात की.

मग तिची जी धांदल उडाली ती काही विचारू नका. तिने तीळ भिजवले, वाटले, गाळले. पहिल्यांदा कडूजहर झालं. सालं चोळून काढायला हवी होती. पुढच्या वेळी पाणचट झालं, त्यानंतर नासलं. खिरणीने स्वतःला शिव्या घातल्या आणि पुन्हा बसली. तिळात चारोळ्या वाटून घातल्या तसं दूध दाट झालं. गोडीला काय घालावं म्हणून ती इकडेतिकडे बघत होती तोच बिब्बा पाठमोरा चालत आला, मोहाच्या फुलांची ओंजळ मागच्या मागे ठेवून निघून गेला. वरईचा चीक त्यात मिसळून तिने भांडं कढत झऱ्याच्या वाफेवर धरलं. निवल्यावर बोट लावून बघितलं. थरथरलं! अगदी खरवसासारखं थरथरलं.

बारशाला सगळं रान लोटलं. अप्पा मधोमध बसले होते आणि आवळी बाळाला घेऊन त्यांच्या शेजारी. खरवसाचं भांडं पुढे आलं. अप्पांनी एक वडी उचलली, हुंगली. 

"चीक कुणाचा?"

"तिळाचा, अप्पा," खिरणी म्हणाली.

"तिळीचाच सांगितला होता मी. वा!" आणि वडी तोंडात गेली. अप्पांनी डोळे मिटले. "असा खरवस," डोळे उघडून अप्पा म्हणाले, "माझ्या वडिलांनीसुद्धा खाल्ला नसेल." मग काय, झुंबड उडाली. एरवी खरवस झाला की अप्पा पोट धरून लवंडत आणि सगळ्या रानाला ढेकर ऐकू येत. आज त्यांनी मागून मागून घेतला आणि वर म्हणाले, "किती हलकं वाटतंय हो आज, उडी मारावीशी वाटतेय!" खिरणीला हसू आवरेना. निभावलं, असं तिला वाटलं.

आणि तिथेच घात झाला. "ज्या हरिणीचा चीक असा," अप्पा उठून उभे राहिले, "तिचीच धार माझ्या नातवाच्या ओठाला लागली पाहिजे. आणा तिळीला!"

बारशाची रीत होती. बाळाच्या आईने रिकामी वाटी धरायची, हरिणीची ताजी धार त्या वाटीत घ्यायची. पहिला घोट घरातल्या थोरल्याचा, मग बोट बुडवून बाळाच्या ओठाला. ही धार एरवी एखाद्या जुन्या, शांत हरिणीची घेत. तिळीला आणून उभं केलं, आवळी वाटी घेऊन पुढे आली, आणि कुणीतरी पेंढ्याचं पाडस खिरणीच्या हातात दिलं.

खिरणीने ते आचळांशी नेलं. तिळीने तिच्याकडे पाहिलं, फक्त पाहिलं. वाटीत थेंब पडला नाही. लोक कुजबुजू लागले.

"काय गं, हाताचा गुण कुठं गेला तुझ्या?" अप्पांनी थट्टा केली, आणि सगळे हसले. पुन्हा वाट बघितली. पुन्हा काही नाही. तेव्हा मात्र अप्पांचा चेहरा बदलला. "आटली वाटतं. चीक तेवढा होता बिचारीकडे." मग अगदी मायेने म्हणाले, "दमली असेल. तिलाही आजोळी पाठवा. बिब्बा!"

म्हणजे मोठ्याही जातात! म्हाताऱ्या हरिणी एकाएकी दिसेनाशा होत, त्यांचं खिरणीने कधी विचारलंच नव्हतं. "अप्पा," ती कशीबशी म्हणाली, "तिची आई इथंच आहे. आजोळ कुठलं तिला?" कुणाला काही कळलं नाही. एकदोघे हसले. बिब्बाने पुढे होऊन तिळीच्या गळ्याला हात घातला, आणि तिळीने मोठ्याने हाक मारली.

करवंदीच्या जाळीतून उत्तर आलं. मग जाळी हलली आणि पाडस बाहेर आलं. अंगाला काटे, पाय अजून फेंगडे, तसंच धडपडत भर मैदानात आलं. आजोळाहून परत आलेलं पाडस कुणी पाहिलं नव्हतं. पोरं आयांच्या मागे लपली.

"हे कसं आलं?" अप्पा ओरडले. "बिब्बा, धर त्याला! धर म्हणतो ना!"

सवयीचा हात तो, बिब्बाने तिळीला सोडून पाडसाची तंगडी धरली आणि सवयीनेच तोंड फिरवलं. खिरणीने धावत जाऊन त्याचा जबडा दोन्ही हातांत पकडला. "नाही बिब्बाभाऊ, आता नाही! आता बघा त्याच्याकडे!" पाडस उलटं लोंबकळत होतं. तिळीला बघून ते ओरडायला लागलं. भुकेलं, घाबरलेलं लेकरू आईला बघून ओरडतं तसं, जीव खाऊन, थांबेचना. आणि गोठणीतल्या सगळ्या हरिणी उठून उभ्या राहिल्या. कुणी पेंढ्याचं पाडस पुढे केलं नव्हतं, कुणी गुणगुणलं नव्हतं. तरी एकेकीला पान्हा फुटला आणि दूध धारांनी मातीत पडू लागलं. वानर भोपळे शोधत धावले. अप्पा ओरडत होते. त्या गडबडीत पहिल्यांदा कुणाचं लक्ष गेलं कुणास ठाऊक, पण हळूहळू एकेक जण धावायचा थांबला आणि आवळीकडे बघू लागला.

आवळी जिथे होती तिथेच उभी होती. एका हातावर बाळ, गाढ झोपलेलं. दुसऱ्या हातात ती रिकामी वाटी, छातीशी धरलेली. तिचे डोळे त्या लोंबकळणाऱ्या पाडसावर खिळले होते आणि भरून वाहत होते. तिलाही पान्हा फुटला होता, छातीवरचे केस ओले होत होते. ओल खाली उतरत होती, आणि वाटीत टपटप आवाज होत होता. तिने वाटी बाजूला केली नाही.

बिब्बाची बोटं उघडली. पाडस खाली पडलं, उठलं, तिळीच्या पोटाखाली शिरलं, आणि ओरडणं थांबलं. मैदानात आता दोनच आवाज होते, त्याच्या चोखण्याचा आणि वाटीतल्या थेंबांचा.

वाटीचा तळ भरला तेव्हा आवळी चालत पुढे आली. पहिला घोट थोरल्यांचा. तिने रीतीप्रमाणे अदब राखत मान लववली आणि वाटी सासऱ्यांपुढे धरली.

"घ्या, मामंजी."

बेहडेअप्पांचा हात सवयीने पुढे आला, वाटीच्या काठापर्यंत पोचला, आणि चटका बसावा तसा मागे गेला.